मागचा डावा कोपरा

पंचवीस वर्षं फौजेत साहेबांची गाडी चालवलेले हंबीरराव सांगलीत विश्रामबागेतल्या घराच्या दारात आपल्या गाडीला स्वतःच जॅक लावून ब्रेक साफ करायचे. सासऱ्यांचा तो हात सून दीपमाला कौतुकानं बघत राहायची.

आज जॅक काढला आणि रिकाम्या गाडीचा मागचा डावा कोपरा दोन बोटं खाली बसला.

"एरवी जॅकवरनं उतरल्यावर जरा वर ऱ्हातंय, फिरवलं की बसतंय," हंबीरराव पुटपुटले. "ह्यो खाली कसा?"

मिरजेपर्यंत फिरवून आणली. कोपरा तसाच.

मग साहेबांना उतरवताना उघडायचे तसं त्यांनी मागचं डावं दार अदबीनं उघडलं, टाचा जुळवल्या.

कोपरा सावकाश वर आला.

"आबा, लय भारी! मानलं तुमाला," म्हणत दीपमाला ऑफिसला निघायला वळली.

दाराशी उभी तिची स्कूटर मागच्या सीटपाशी हळूच दबली.