मुडद्याचं काम

शिंप्याने भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं, टांगलेल्या कोटांवरून पांढरं अस्तर ताणून पडदा केला आणि शिलाई मशीनवर प्रोजेक्टर चढवला. प्रेक्षक दोनच. गेल्या महिन्यात वारलेल्या कंपाउंडरची बायको आणि मुलगा. बाई स्टुलावर टेकल्या होत्या. मुलगा उभाच.

"काका, मला बँकेत परत जायचंय. आणि खरं सांगू का, शोकसभेत तुम्ही जे सांगितलंत, त्यावर लोक अजून हसतायत. काल एकाने काउंटरवर विचारलं, माश्या चारशे होत्या की पाचशे?"

"चारशे," शिंपी म्हणाला. "बस."

कापडाच्या मापात हा माणूस दोऱ्याएवढा चुकायचा नाही, पण गोष्टीला मापच नाही. तरुणपणी त्याने आणि कंपाउंडरने हौसेने अकरा सिनेमे काढले होते. चावीचा कॅमेरा, तीन-तीन मिनिटांचे सिनेमे. शिंपी दिग्दर्शक, कपडेवाला, नायक आणि शेवटी शेवटी इन्स्पेक्टरही. कंपाउंडर अकराही सिनेमांत मुडदा. असा मुडदा शंभर वर्षांत झाला नाही, असं शिंपी सांगायचा. एकदा म्हणे शूटिंगच्या वेळी रस्त्याने जाणाऱ्या दोन बायका त्याच्यासाठी रडून गेल्या, आणि त्या त्याला ओळखतही नव्हत्या.

शोकसभेत त्याने शेवटच्या सिनेमाची गोष्ट सांगितली. ऐन शूटिंगमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं उठलं, चारशे माश्या मुडद्यावर बसल्या, मुडदा पाव तास हलला नाही; आणि आपण स्वतः कोट फिरवत शेवटपर्यंत त्याच्या उशाशी उभे होतो. सभा पोट धरून हसली. मुलगा मान खाली घालून बसला.

"बाबांनी आयुष्यभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या," मुलगा आता म्हणाला. "तेवढंच सांगितलं असतंत तरी चाललं असतं. त्यांचं हसं तर झालं नसतं. मुडदाच करायचात त्यांना. अकरा सिनेमांत एक वाक्य तरी दिलंत का?"

"मूकपट होते रे. कुणालाच नव्हतं."

शिंप्याने बटणांच्या डब्यात हात घालून तळातून फिल्मची छोटी गुंडाळी काढली. हा तुकडा त्याने स्वतःच त्या शेवटच्या सिनेमातून कापला होता आणि चाळीस वर्षं कुणाला दाखवला नव्हता. कंपाउंडरलासुद्धा. सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवणारा हात, पण प्रोजेक्टरमध्ये फिल्म भरताना तीनदा चुकला.

"भावजी, राहू द्या," बाई म्हणाल्या. "जुनी आहे. जळेल बिळेल."

"जळू दे, वहिनी. आधी दिसू दे."

दिवा लागला. अस्तरावर एक झाड आलं. झाडाखाली तरुण कंपाउंडर उताणा, काखेत धरलेली सुरी छातीत घुसल्यासारखी. शेजारी इन्स्पेक्टरच्या कडक गणवेशात शिंपी, वाकून नाडी बघतोय. कॅमेरा तिकाटण्यावर आपला आपण चाललेला, कारण तो चालवायला तिसरं माणूसच नव्हतं. इन्स्पेक्टरने मान वर केली. फांदीकडे बघितलं. टोपी उडाली, आणि इन्स्पेक्टर मुडद्याच्या पोटावर पाय देऊन धूम पळाला.

"काका, हा पळाला तो कोण?"

"मीच."

"तुम्ही तर उशाशी उभे होतात."

"पुढे बघ."

पुढे नुसता मुडदा. एक गांधीलमाशी कपाळावर उतरली. एक ओठावर. एक पापणीवर बसली आणि तिथेच फिरू लागली. चारशे नव्हत्याच, वीसएक असतील. सदऱ्यावर बुटाचा ठसा, तोंडभर माश्या, आणि माणूस ढिम्म. मुलगा कधी खाली बसला, त्याचं त्यालाच कळलं नाही. कॅमेऱ्याची चावी उतरत आली, कॅमेरा मंदावला, तसं पडद्यावरचं चित्र उलट भरभर पळायला लागलं. माश्या वेड्यासारख्या धावत सुटल्या. मुडदा तसाच. मग नुसतं पांढरं अस्तर उरलं.

सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

"हलले का नाहीत ते?" मुलाने विचारलं.

"'कट' कोण म्हणणार? म्हणणारा पळत होता." शिंप्याने दिवा मालवला. "परत यायला मला पाव तास लागला. तेवढा वेळ तो तसाच पडला होता, हे मात्र तुला माझ्या शब्दावर घ्यावं लागेल. मी आल्यावर डोळे मिटूनच विचारलं त्याने, 'जमलं का?' डोळे उघडतच नव्हते म्हणा. सुजून बटाटे झाले होते."

मुलाने खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाला, "मी याची कॉपी करून घेतो, मोबाइलवर. बँकेत दाखवतो सगळ्यांना. तुम्ही पळता तेवढं काढून टाकतो."

"खबरदार काढलंस तर," शिंपी म्हणाला.

त्याने शटर वर केलं. दुकानात ऊन आलं.

"घरी एक डास चावला तरी अख्खी गल्ली गोळा करायचे," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर जरा ताठ बसल्या.