बोळाकडची खिडकी

इंदूबाईंनी काठीला चिंधी गुंडाळून धुराड्याची नळी तिसऱ्यांदा साफ केली. नळीत काहीच अडकलं नव्हतं. तरी मनकर्णाबाईंच्या स्वयंपाकघरात समोरचा माणूस दिसू नये इतका धूर कोंडला होता.

"बाळापूरच्या आसपास एकोणीस घरी हे बिनधुराची चूल बसवली मी," ग्रामसेविका इंदूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सगळीकडं चांगली चालून राहिली. फक्त तुमच्या इथं अन्..."

"अन्?"

"अन् तुमच्या जावेकडं. ते बाईबी असंच खोकून राहिली."

मनकर्णाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली.

जाऊ म्हणजे कौशल्या, त्यांची सख्खी धाकटी बहीण. दोघी एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या पाळीवरून मनकर्णाबाईंचे भगवंतराव आणि कौशल्याचे पंजाबराव यांचं फाटलं आणि घराचे दोन भाग झाले. भांडले पुरुष, शिक्षा झाली बायकांना. दोघा भावांनी आपापल्या बायकोला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली: उंबरठ्यावर, विहिरीवर, बाजारात, माहेरी तिच्याशी बोलशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या हातभर बोळात समोरासमोर उघडत. त्या दोघांनी विटा-मातीनं बुजवून टाकल्या. बुजलेल्या खिडकीची शपथ घालायची कुणाला गरज वाटली नाही.

गेल्या साली अंजनगावला त्यांची आई गेली, तेव्हा दोघी बहिणी एकाच खोलीत पाठमोऱ्या बसून रडल्या. मनकर्णाबाईंना त्या दिवसाचं दुःख आईपेक्षा बहिणीचंच जास्त झालं.

"हवा आत यायले वाट पाहिजे," इंदूबाई म्हणाल्या. "बोळाकडची खिडकी उघडा. दुसरा इलाज नाही."

"मी त कवाची म्हणून राहिली. ह्यायले सांगा."

भगवंतराव ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. "खिडकी उघडणार नाही," ते म्हणाले. "हे तुमची सरकारी चूलच खराब हाये."

"जळण त ओलं नाही ना, भाऊ?"

"कपाशीची पऱ्हाटी हाये, वाळल्या काड्या. होळीपासून छपरीत पडून हाये. काडी लावाचा उशीर, भडकते."

इंदूबाई हात टेकून गेल्या. मनकर्णाबाईंनी मात्र पदर खोचला. इतके दिवस नवऱ्याचं ताट त्या ओसरीवर नेऊन देत. त्या दिवसापासून त्यांनी पाट चुलीपुढेच मांडला.

"इथं कावून?"

"तुमाले तव्यावरची भाकर आवडते म्हणून."

तव्यावरच्या भाकरीपुढे भगवंतरावांचं काही चालत नसे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते जेवायला बसत आणि डोळे लाल करून उठत. चौथ्या दिवशी त्यांनी बेसनाऐवजी मिठात भाकर बुडवली. पण बेटे बधले नाहीत. मनकर्णाबाईही बधल्या नाहीत. रात्री झोपेत खोकत, सकाळी उठून पुन्हा चुलीपुढे बसत. शेजारच्या पार्बताबाई म्हणाल्या, अशानं छाती फुटून मरशील. त्यावर त्या नुसत्या हसल्या.

नवव्या दिवशी भगवंतराव अर्ध्या जेवणातून उठले.

"त्यायची खिडकी बुजेलच हाये ना अजून?"

"मले काय माहीत? मी पाह्यली का?"

भगवंतरावांनी जरा विचार केला. समोरची बंद आहे तोवर आपली उघडी काय नि बंद काय! त्यांनी पहार आणली. विटा पडल्या तसा बोळातला वारा आत शिरला आणि घटकाभरात घर स्वच्छ झालं. त्यांनी पोटभर श्वास घेतला. "पाह्यलं? मी म्हणतच होतो," असं म्हणून ते वावरात गेले.

मनकर्णाबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. एक दिवस गेला, दोन गेले. पलीकडून नुसतं खोकणं ऐकू येई. आपली बहीण तिकडे गुदमरते आहे आणि आपण मोकळ्या हवेत बसलो आहोत, या विचारानं त्यांना घास गिळवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे पहारीचे घाव ऐकू आले. दोन विटा बोळात पडल्या, मग चार. "घे बापा, आता त सुखानं जेवू दे," असं पंजाबराव कुरकुरले. थोड्या वेळानं तिकडचं बाहेरचं दार ओढून ते निघून गेले.

मग खिडकीत कौशल्या आली. चेहरा काळवंडलेला, डोळे सुजलेले, आणि किती वाळली होती पोर! मनकर्णाबाईंनी हात लांब केला. कौशल्यानं तो दोन्ही हातांत धरला.

मनकर्णाबाईंच्या मागे चुलीत पऱ्हाटी धडधडून जळत होती. धुराची एक रेघ नव्हती. कौशल्यानं त्या चुलीकडे पाहिलं, मग बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"ताई, तूबी काड्यायवर पाणी शिंपडत होती काय वं?"