नमुन्याबरहुकूम

एकशे ऐंशीपैकी पहिला फ्रॉक रुक्सारने उलटा केला आणि ती तिथंच थांबली. खालच्या घडीच्या आत, पांढऱ्या मलमलीवर, काळ्या दोऱ्याचा एक टाका.

दुसरा उलटा केला. त्यातही. तिसरा, चौथा, दहावा. सगळीकडे तोच, डाव्या शिवणीला लागून.

“अम्मी!”

हुसेनबी कशिशला मांडीवर घेऊन मशीनमागं बसल्या होत्या. दहा महिन्यांच्या नातीच्या गालावर काजळाची जाडजूड तीट. सकाळीच रुक्सारने ती पुसली होती. पुन्हा आली होती.

“हे तुम्ही घातलंत?”

“मग काय बनाबाईनं? चार रात्री बसले हुते,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “लेकरांची कापडं हायत. कुठल्या मुलखात जाणार, कोण बघणार. एक टाका घातला तर काय बिघडतंय?”

“मला का धरताय मधी?” कामाला असलेली बनाबाई सुई ओवता ओवता म्हणाली. “मी आपली जादाच्या फ्रॉकला बटणं लावतीय.”

कुपवाडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वाजले होते. पाचला अजितकुमार टेम्पो घेऊन येणार होते. सांगलीचे हे गृहस्थ, निर्यातीचे कागद तेच बघत. उद्या मुंबईत तपासणीस खोकी उघडणार, कुठलेही दहा फ्रॉक काढणार आणि नमुन्याशी ताडून बघणार. एक नापास झाला तर सगळा माल परत. आणि मग पुन्हा शाळेचे गणवेश, जन्मभर.

रुक्सारने डोकं धरलं.

साताऱ्याच्या निर्यात शिबिरात ती कशिशला कडेवर घेऊन दिवसभर बसली होती. आयात-निर्यात क्रमांक कसा काढायचा, कपड्याचा कोड कुठला, परदेशी गिऱ्हाईक कुठं शोधायचं, सगळं तिनं वहीत उतरवलं होतं. पोर मध्येच ओरडायची, लोक मागं वळून बघायचे. तिथल्या साहेबांनी तीनदा सांगितलेलं एक वाक्य तिनं लाल शाईत लिहिलं होतं: माल नमुन्याबरहुकूम हवा. कमी नाही, जास्त नाही.

नंतर चाळीस ई-मेल. अडतीसांना उत्तरच नाही. एकानं साड्या आहेत का विचारलं. आणि एक डेन्मार्कची बाई, तान्ह्या मुलांच्या कपड्यांचं दुकान असलेली, तिनं तीन नमुने मागवले. ते पाठवायच्या दिवशीच कशिशला एकशे तीन ताप. रुक्सार दवाखान्यात. तरी हुसेनबींनी घड्या घातल्या, अजितकुमारांनी पत्ता लिहिला, पुडकं वेळेत गेलं. महिन्यानं बाईचं उत्तर आलं: चार देशांचे नमुने पाहिले, हेच हवेत. हुबेहूब हेच.

“हुबेहूब, अम्मी! म्हणजे कळतं ना?”

“मला काय इंग्रजी येतंय?”

“हे मराठीत सांगतेय मी!”

बनाबाई हसली आणि लगेच खोकली.

रुक्सारने लहान कात्री घेतली. टोक टाक्याखाली घालायचं, मलमल न ओढता दोरा कापायचा, चिमटीनं उपसायचा. पहिल्याला दोन मिनिटं लागली. एकशे एकोणऐंशी राहिले.

“बनाबाई, बटणं सोड. कात्री घे.”

“आवं भाभी, आमच्यात पन तान्ह्याच्या कापडाला काळं लावत्यात. न्हाईतर लेकरू पिरपिर करतंय.”

“डेन्मार्कची लेकरं करू देत पिरपिर.”

“असं बोलू नये गं,” हुसेनबी कळवळून म्हणाल्या. “परक्याची असली तरी लेकरंच की.”

“अम्मी, तीन नमुने गेले, पसंत पडले. लागली का कुणाची नजर? नमुन्यात जे नाही ते मालात घालायचं नाही. एवढं साधं आहे.”

हुसेनबींनी तोंड उघडलं. तेवढ्यात कशिशनं भोकाड पसरलं. रुक्सार उठली, ओल्या फडक्यानं तिच्या गालावरची तीट खसाखसा पुसली आणि पोरीला पुन्हा सासूच्या मांडीवर ठेवलं.

“अगं, ऐक तरी...”

“आता एक शब्द नको. हात जोडते.”

हुसेनबींनी कात्री घेतली नाही. पोरीला थोपटत बसून राहिल्या. साडेतीनला पंखा बंद पडला. पावणेचारला बनाबाईच्या कात्रीनं एका फ्रॉकला भोक पाडलं. रुक्सारनं दात आवळून जादा शिवलेल्यातला एक काढून दिला. त्यातही काळा टाका होताच.

पाचला पाच मिनिटं कमी असताना शेवटचा दोरा निघाला. बनाबाईनं फरशीवरचा काळा केर सुपलीत भरून बाहेरच्या गटारात टाकला. खोकी चिकटपट्टीनं बंद झाली. रुक्सारला कित्येक दिवसांनी खोल श्वास घेता आला.

“काय रुक्सारताई, झालं का?” अजितकुमार दारातूनच म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. “तुमचा फोन बंद होता का? बाईंचा मेल आलाय. दुकानात लावायची पाटी तयार झाली. मुंबईच्या तपासणीसालाही पाठवलीय, यावरूनच माल ओळखा म्हणून.”

“रविवारीच आम्ही बाईंना हा फ्रॉक घातलेल्या पोरीचा फोटो पाठवला होता. कशिश कसली गोड दिसत होती,” रुक्सार हसत म्हणाली. “तोच लावला असेल.”

“नाही ओ. कपड्याचाच फोटो आहे. तुमच्या नमुन्याचा.”

तिनं फोन हातात घेतला. फ्रॉक उलटा करून टिपला होता. तिनं फोटो मोठा केला आणि खालच्या दोन ओळी वाचल्या.

‘आत पाहा, डाव्या शिवणीजवळ एक काळा टाका आहे: दूरच्या गावी कुणीतरी तुमच्या बाळाची काळजी केली आहे. ज्यात तो नसेल, तो आमचा नव्हे.’