सव्वीस जानेवारीची बासुंदी

दूध फाटणार, हे लालासाहेबांना ते फाटायच्या आधीच कळलं.

अंगणातल्या चुलाणावर कढई रटरटत होती. पहाटेपासून आटवलेलं दूध, दाट साय धरलेलं, बदामी रंगावर आलेलं. सून शिवांजली स्ट्रॉबेरीच्या कच्च्या रसाचं पातेलं घेऊन कढईपाशी उभी होती. हा रस उकळत्या दुधात पडला की संपलं. आधी रस साखरेत शिजवायचा, दूध पार निववायचं आणि मग दोघांची गाठ घालायची. बोलायचं होतं ते एवढंच.

शिवांजलीने पातेलं उचललं, क्षणभर थांबली आणि सासऱ्याकडे पाहिलं. लालासाहेब दहा पावलांवर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं, डोक्यावर पलटणीची टोपी. ते खाली वाकले, बांधलेली बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

कारण बोलले असते तर मागोमाग प्रश्न आला असता, तुम्हाला हे कसं ठाऊक? अख्ख्या गावाला माहीत होतं की लालासाहेबांनी सव्वीस वर्षं सरहद्दीवर बंदूक धरली. माहीत होतं, कारण लालासाहेबांनीच तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात धरला होता झारा. पलटणीच्या लंगरात ते स्वयंपाकी होते आणि शेकडो जवानांची बासुंदी त्यांनी आपल्या हाताने केली होती. थाप एकदा मारली की ती पोसावी लागते. आज तर गाव तिला हार घालणार होतं.

रस पडला. कढई पळभर गुलाबी झाली. "अगं बाई, रंग बघ!" असं कुणीतरी म्हणेपर्यंत दूध कडेपासून गाठीगाठीने फुटत मधोमध गेलं आणि पाणी वर आलं.

"गेलं की गं समदं!" बचत गटातली राणी ओरडली. "दरसाली जिलबी असती, ती काय वाईट हुती? आता गावाला काय तोंड दाखवायचं?"

झेंड्याच्या दिवशी जिलेबीऐवजी स्ट्रॉबेरीची बासुंदी आणि पुरीला स्ट्रॉबेरी-लाल मिरचीची चटणी, हा हट्ट शिवांजलीचा होता. बचत गटाची ही पहिलीच पंगत. वाईहून पेट्या तिने आणल्या होत्या, सरपंचांना शब्द तिने दिला होता. चटणी जमली होती, पण नुसत्या चटणीवर गाव जेवत नाही. आता ती धूर लागल्याचं निमित्त करून पदराने डोळे पुसत होती.

"हुतं असं कवाकवा," लालासाहेब म्हणाले. स्वतःच्याच आवाजाची त्यांना किळस आली.

तेवढ्यात सरपंच जयराज फटफटीवरून दारात आला. "आबा, चला, झेंड्याची येळ झाली. सत्कार झाला की चार शब्द बोला, बॉर्डरवरचं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पायजे."

लालासाहेब उठले. फाटकापर्यंत गेले. मागे बायकांनी कढई उकिरड्यावर ओतायला म्हणून उचलली, कड्या खणखणल्या आणि त्यांचे पाय थबकले. शत्रू त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण फौजेत अन्नही कधी फेकलं नव्हतं.

"ठेवा ती खाली!" ते ओरडले. "फडकं आना. निम्मं पाणी गाळून काढा. जाळ कमी करा. साखर किती हाय? आना समदी. कलाकंद हुतोय ह्याचा. भाषणं संपस्तवर वड्या पडत्यात."

कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला, बाह्या सारल्या आणि झारा हातात घेतला. तो कढईच्या तळाला लागून असा फिरला की बायकांनी मागे सरून जागा करून दिली.

"आबा, तुमाला ह्यातलं बी कळतं व्हय?" जयराज हसत म्हणाला.

"ह्यातलंच कळतं." झारा फिरतच होता. "बंदूक न्हवती रं हातात. सव्वीस वर्सं लंगरात हुतो. सैपाकी."

जयराजचं हसू विरलं. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरं, ते ऱ्हाऊ द्या. भाषणात मातर बॉर्डरचंच सांगा." आणि किक मारून तो निघून गेला.

लालासाहेबांना मान वर करवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. शिवांजली साखरेचा डबा घेऊन शेजारी उभी होती, ओंजळीने साखर सोडत होती. बाकीच्या बायका त्यांच्या तोंडाकडे टकामका बघत होत्या. तिला मात्र काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा त्यांचे कान तापले.

"तुला ठावं हुतं?"

"पेन्शनची कागदं दरसाली मीच बघती की, आबा."

झारा थांबला. तळ धरायला लागला तसा त्यांनी तो पुन्हा फिरवला.

"मग मघाशी इचारलं का न्हाईस? रस वतायच्या आधी?"

शिवांजलीने उरलेली साखर कढईत सोडली.

"चार मानसांत कसं इचारायचं, आबा?"