मागच्या बाकावरून

"गौरजा माझ्या फुड्यातच बसलेली. सारखी मागे वळान बघी होती," वर्षाली म्हणाली.

"खरा?" वर्गातल्या संजनाचे डोळे मोठे झाले.

"मगे? एकशे एकाहत्तर काय आभाळातसून पडले?"

कॉलेजच्या फलकावर सीईटीचे गुण लागून तास झाला नव्हता. दोनशेपैकी गौरजाला एकशे एकाहत्तर. वर्षालीला एकशे अठरा. बारावीला नेमके उलट होते. वर्षाली एक्क्याण्णव टक्क्यांनी कॉलेजात पहिली आली होती, गौरजाला चौऱ्याऐंशी होते. पण मेडिकलला बारावीचे पन्नास टक्के पुरतात. पुढची रांग लागते ती सीईटीच्या गुणांवर. त्या रांगेत गौरजा डॉक्टर झाली होती आणि वर्षाली कुठेच नव्हती.

आठवीपासून दोघी मैत्रिणी. गौरजाची आई तुळसा मिठबावहून पाटी घेऊन देवगडच्या बाजारात मासे विकायला यायची. गौरजाला इंग्रजी शब्दांचे उच्चार शिकवले ते वर्षालीने. 'तुझ्यामुळे जमता गो माका,' असे गौरजा म्हणायची, तेव्हा वर्षालीला ती फार आवडायची.

त्या दिवशी एसटीत कंडक्टरने "या डॉक्टरीणबाई" म्हणत गौरजाला पुढची सीट दिली. वर्षाली दांडी धरून उभी राहिली. संध्याकाळी जेवताना तिचे वडील म्हणाले, "तुळसाच्या चेडवान नाव काढल्यान." ते, म्हणजे गुरुप्रसाद सर, हायस्कुलात गणित शिकवत. त्यांनी असे वर्षालीखेरीज कुणाला म्हटल्याचे तिला आठवत नव्हते. ती अर्ध्या ताटावरून उठली.

संजनाने ऐकलेले एकीला सांगितले. चार दिवसांत ते बाजारात पोहोचले. पाटीतल्या बांगडे माशांचा भाव करता करता एक बाई तुळसाला म्हणाली, "चोरी करून डॉक्टर होतला मा तुझा चेडू?"

रविवारी सकाळी तुळसा सरांच्या ओसरीवर आली. सरांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"सर, तुमच्या वर्षालीक एक विचारूचा आसा."

वर्षाली दारात आली. तुळसाचे डोळे सुजलेले होते.

"बाय, माझ्या चेडवान तुझ्या पेपरात बघून लिवल्यान काय गो? लोक तशे बोलतत. ती दोन दिस जेवक नाय. म्हणता, माका मुंबैक जावचाच नाय. परवा प्रवेशाची तारीख. मी अडाणी बाई, माका त्यातला काय कळणा नाय. पण तू तिची मैत्रीण. तू सांगशीत ता खरा. तू 'हो' म्हटलंस तर मी तिका धाडूचंय नाय. चोरीचा डॉक्टरपण माका नको."

नुसती मान हलवायची होती. वर्षालीला ते पुरते समजले. एकदा मान हलवली की एकशे एकाहत्तर पुसले जाणार होते.

तेवढ्यात सरांनी चष्मा काढला. हे सगळे ते आत्ताच ऐकत होते.

"तुळसा, असा होवक शकणाच नाय. कोण बोलता ह्या? ह्या परीक्षेत पेपर चार तऱ्हेचे असतत. प्रश्न तेच, पण क्रम येगळो. फुडच्याक एक पेपर, मागच्याक दुसरो. एकाचो पयलो प्रश्न दुसऱ्याचो पन्नासावो. दुसऱ्याचे बघून उत्तरांचे गोळे भरल्यान, तर उत्तरां चुकतलीच. गुण वाढाचे सोडून कमी होतत."

"कमी होतत," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी हळू. एवढा अभ्यास करणारी मुलगी एकशे अठरावर कशी अडकली, हे आठवडाभर त्यांना उलगडत नव्हते. त्यांनी वर्षालीकडे पाहिले.

तुळसाचे सरांच्या गणिताकडे लक्षच नव्हते. तिने पुढे होऊन वर्षालीचा हात धरला. मासे कापून कापून तिच्या हाताला चरे पडलेले होते.

"तू सांग गो बाय. तिना बघल्यान?"

गेला आठवडाभर गौरजाचे हसू, तिची सीट, तिचे कौतुक वर्षालीला टोचत होते. आता त्यांतले काहीच टोचेना. वडील तिच्याकडे बघत होते. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिने तुळसाकडे पाहिले.

"तिना नाय, काकी," वर्षाली म्हणाली. "मिया बघलंय. तिचा."