गौरव्वाचा पान्हा

“गौरव्वा, पुढच्या खेपेला जावई आणती का, इचार की हिला,” चनबसप्पा धार काढता काढता म्हशीला म्हणाले.

“मला विचारा की, अप्पा! म्हशीला कशाला मधे घालता?” महादेवी दारातून म्हणाली. तिची पुण्याच्या गाडीची वेळ झाली होती.

“ती तुझ्यावानी उलटून बोलत न्हाय.”

चरवीत धारा वाजत होत्या. गौरव्वा डोळे मिटून ऐकत होती. बहात्तरच्या दुष्काळात अप्पांनी छावणीत तिच्या शेजारी झोपून तिला जगवलं होतं. महादेवी अप्पांच्या पाया पडली आणि निघाली.

चौथ्या दिवशी ती परत आली, तेव्हा अप्पांची माती होऊन गेली होती. ती रडली नाही. आल्यागेल्यांना चहा देत राहिली.

इकडे गौरव्वाने पान्हा चोरला. कास दगडासारखी झाली. कडब्याला ती तोंड लावेना. “उद्या दलालाला देऊन टाकू,” काका म्हणाले.

शेजारच्या बाळाबाईने उपाय काढला. “अप्पाची कोपरी घाल, रुमाल बांध आन् बस धारंला. वास आला की सोडतीय बघ. आमच्यात असंच फसवत्यात.”

कोपरी महादेवीच्या अंगात ढगळ झाली. रुमाल डोळ्यांवर घसरला.

“मिशी काढू का कोळशानं?” बाळाबाईने विचारलं. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच महादेवीची आई, अव्वा, पदर तोंडाला लावून हसली.

गौरव्वा धडपडून उठली. तिने कोपरी हुंगली, बाही चाटली. मग महादेवीला सोडून तिने मान दाराकडे वळवली आणि तिकडेच बघत राहिली. वास आला होता, म्हणजे माणूसही येणारच.

“धर की सड आता!” बाळाबाई कुजबुजली.

महादेवीने रुमाल सोडला. कोपरी काढून अव्वाच्या हातात दिली. मग ती चरवी घेऊन बसली आणि म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं.

“गौरव्वा, अप्पा गेले गं,” ती मोठ्याने म्हणाली. “ते आता येणार नाहीत.”

गौरव्वाचे कान हलले. बराच वेळ काही झालं नाही. मग चरवीत एक बारीक धार वाजली. महादेवी बोलायची थांबली नाही.

“मलाही कुणी खरं सांगितलं नव्हतं. तारेत नुसतं ‘अप्पा आजारी, निघून ये’. सोलापूर येईपर्यंत त्यांच्यासाठी घेतलेली मोसंबी मी मांडीवर धरून बसले होते गं.”