तसूभरही फरक नाही

"तुमचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. आपल्याकडे दोन वर्षांचा लागतो," शिक्षण खात्यातले साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल टेबलावरून परत ढकलली.

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच वाक्य त्याने खिडकीवर ऐकलं होतं, फोनवर ऐकलं होतं, आणि आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून पुन्हा तेच ऐकायला आला होता.

"साहेब, तिकडे परदेशात त्या वर्षभरात सुट्ट्याच नव्हत्या. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारी कॉलेज. तुम्ही तास मोजा ना. इथल्या दोन वर्षांपेक्षा जास्त भरतील."

"तास मोजायची तरतूद नाही."

"मग कसली आहे?"

"वर्षं मोजायची."

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर फाइल बगलेत मारून बाहेर पडला.

परदेशातून शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन आलेला हा गडी झेरॉक्सच्या दुकानात काम करत होता. मास्तर हे नाव दुकानमालकाने कुचेष्टेने पाडलेलं. दिवसभर दुसऱ्यांच्या पदव्यांच्या प्रती काढायच्या आणि स्वतःची पदवी कपाटात! बायकोच्या शाळेत गणिताची एक जागा रिकामी होती. मुख्याध्यापिका बिचाऱ्या थांबल्या होत्या, पण नवं सत्र सुरू होईपर्यंतच. त्याआधी सरकारी मान्यता आली तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याची.

"वर्षं मोजतात म्हणे!" घरात शिरता शिरता तो ओरडला. "मी काय पेन्शन मागायला गेलो होतो?"

"हळू बोल. शेजारी ऐकतायत," बायको वह्या तपासता तपासता म्हणाली.

"ऐकू देत! तुझी पदवी चालते, माझी चालत नाही. एकच विद्यापीठ, एकच वर्ग, दोघंही गणिताचे. एका बाकावर बसून तू माझ्या वहीतून उतरवायचीस..."

"मी? तू माझ्या वहीतून उतरवायचास." ती हसली. मग लाल पेन बाजूला ठेवून म्हणाली, "हे बघ, तिथे जाऊन भांडू नकोस. असली माणसं चिडली की फाइल पार तळाशी घालतात. जरा धीर धर."

"धीर धरून धरून केस पिकले माझे."

तिला धीर धरायला काय जातंय, असंही त्याच्या मनात आलं. तिच्या मान्यतेचं काम आधीच्या साहेबांनी एका फटक्यात करून टाकलं होतं. ती शाळेत कायम झाली होती, आणि घरभाड्यापासून किराण्यापर्यंत सगळं तिच्या पगारावर चाललं होतं. ती कधी बोलून दाखवायची नाही. त्याला मात्र ते जेवताना प्रत्येक घासाला खुपायचं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर त्याने कपाट उघडलं आणि तिची पदवी, तिचं मान्यतापत्र काढून घेतलं. विचारलं नाही. आपल्याच घरातले कागद, त्यात विचारायचं काय?

साहेबांच्या टेबलावर त्याने दोन्ही पदव्या शेजारी शेजारी आपटल्या.

"बघा! विद्यापीठ तेच, वर्ष तेच, सहीसुद्धा त्याच माणसाची. ही माझी बायको. तिला तुमच्याच कार्यालयाने मान्यता दिली. मग ती शिक्षिका आणि मी झेरॉक्सवाला, हा कुठला न्याय? माणसं बघून नियम लावता काय तुम्ही?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोन्ही पदव्या त्यांनी ओळ न् ओळ वाचल्या.

"बसा," ते म्हणाले. इतक्या खेट्यांत हा शब्द मास्तरच्या कानावर पहिल्यांदाच पडला.

"हे माझ्या लक्षात कुणी आणून दिलं नव्हतं," साहेब सावकाश म्हणाले. "बाई कुठल्या शाळेत आहेत?"

मास्तरने तोऱ्यात नाव सांगितलं. "कायम आहेत तिथे."

"तुमचं बरोबर आहे. एकाच पदवीला दोन नियम, हे चालायचं नाही."

"मग आता?"

"लेखी द्या. आजच्या आज वर पाठवतो."

मास्तरने तिथेच बसून झरझर लिहिलं. 'आम्हा उभयतांच्या पदव्यांत तसूभरही फरक नाही. तरी दोघांना एकच न्याय लावावा, ही विनंती.' खाली ठसठशीत सही ठोकली. साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

तिथून तो तडक दुकानात गेला. "दुसरा माणूस बघा," त्याने मालकाला सांगितलं, आणि आता खराखुरा मास्तर झाल्याच्या थाटात आणखी दोन-चार गोष्टी सुनावल्या.

"काम झालं समज," घरी त्याने बायकोला सांगितलं.

"खरंच? कसं काय?"

"भांडलो! तू नको म्हणालीस, तरी भांडलो. या लोकांना गोड बोललेलं कळतच नाही." पुढचं त्याने मुद्दामच सांगितलं नाही. निकाल लागला की सगळं रंगवून सांगू, असं त्याने ठरवलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी तो शाळेसाठी शर्टाला इस्त्री करत होता, तेवढ्यात दार उघडलं. बायको होती. शाळा सुटायला अजून बराच वेळ होता.

"मुख्याध्यापिकांनी बोलावलं होतं," ती दारातूनच म्हणाली. "साहेबांच्या कार्यालयातून फोन आला होता त्यांना."

त्याने इस्त्री बाजूला ठेवली. "आला? काय म्हणाले?"

"तुझा अर्ज मान्य झाला. शब्द न् शब्द. दोघांच्या पदव्या सारख्याच, असं ठरलं."

"बघ!" त्याने टाळी वाजवली. "म्हणत होतो की नाही? धीर धर म्हणे! अगं, भांडावंच लागतं! आणि ती गणिताची जागा? भरली नाही ना अजून? रिकामी आहे ना?"

"एक नाही, दोन रिकाम्या आहेत," ती म्हणाली. "दुसरी माझी."